खालून चावलेलं

१

आमच्या घरात फ्रीझरमध्ये वस्तू ठेवणारे चौघे आहेत आणि काढणारी मी एकटी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यांनी मिळून माझ्याकडेच बोट दाखवलं, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

फ्रीझर म्हणजे साधासुधा नाही. पेटीसारखा आडवा, वर झाकण असलेला, माणूस आडवा मावेल एवढा. स्वयंपाकघराच्या मागच्या छोट्या खोलीत तो दहा वर्षं घुमत होता. नवऱ्याने हौसेने आणलेला. तो इमारतींमधल्या लिफ्ट तपासतो, त्यामुळे घुमणाऱ्या यंत्रांवर त्याचा भारी जीव. आमची सतरा वर्षांची लेक कुठेही काहीही दडवून ठेवते म्हणून तिला आम्ही खार म्हणतो. आणि सासरे निवृत्त पोस्टमास्तर, पावाचा एक तुकडा उरला तरी म्हणणार, "टाकू नका गं, गोठवा."

मार्च महिन्यात सासरे जिन्यात पडले. गुडघा गेला. डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला आणि त्यांची खोली तर वर. खाली मोकळी अशी एकच खोली, ती फ्रीझरची.

"फ्रीझर काढून टाकू," नवरा म्हणाला. "आधी तो रिकामा करायला हवा." आणि माझ्याकडे बघितलं. नेहमीप्रमाणे.

"ठीक आहे," मी म्हणाले. "वीस दिवस दूध आणि भाजी सोडून काहीही विकत आणायचं नाही. जे आतून निघेल ते खायचं. तक्रार चालणार नाही."

"झकास!" सगळे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती.

२

पहिला आठवडा वरच्या थरात गेला. मक्याचे दाणे, अर्धा केक, मासळीचे तुकडे, कुणाच्या तरी वाढदिवसाचे राहिलेले समोसे. मी कामावर जायच्या आधी एक डबा काढून ओट्यावर ठेवायची आणि संध्याकाळी येऊन त्याचं काहीतरी करायची. घरात तेवढी एकच व्यवस्था सुरळीत चालू होती आणि ती माझी होती.

आठव्या दिवशी सकाळी वाटाण्याच्या सुपाचा डबा काढला. वर चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात तारीख, दोन वर्षांपूर्वीची. पट्टी जशीच्या तशी, कुठे सुटलेली नाही. डबा नळाखाली धरून उलटा केला तेव्हा सुपाची हिरवी वीट परातीत पडली. विटेचा खालचा कोपरा नव्हता.

तो तुटलेला नव्हता. कुणीतरी चावलेला होता.

आता माझं काम सांगते. मी कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून बावीस वर्षं मी लोकांचे जबडे प्लास्टरमध्ये ओतते आहे. मेणात घेतलेले चावे दिवसाला दहा तरी बघते. चावा आणि तुटका कोपरा यातला फरक मला कुणी शिकवायला नको.

वर सहा, खाली सहा. छोटे, मधे फटी असलेले. दुधाचे दात. वय तीनच्या आसपास.

आमच्या घरात तीन वर्षांचं मूल नाही. गल्लीतही नाही.

"हवेचा बुडबुडा असेल," नवरा बूट घालता घालता म्हणाला.

"बुडबुड्याला सुळे असतात का?"

"मग गोठवण्याआधी कुणीतरी चावलं असेल."

"सूप? सूप चावलं?"

तो हसला. खारही हसली. मी तो कोपरा कापून एका पिशवीत घालून साध्या फ्रिजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवला, आणि उरलेली वीट उकळून संध्याकाळी चौघांना वाढली. ते मी का केलं असं मला नंतर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं: मी कामावरून दमून आले होते आणि दुसरं काही शिजवायची मला सक्ती का म्हणून?

३

चार दिवसांनी टोमॅटोचा रस्सा. तोही विटेसारखा. तोही खालच्या बाजूने चावलेला.

या वेळी मी आरडाओरडा केला नाही. दवाखान्यातून माप घ्यायचा लगदा आणला, चाव्यात दाबून भरला आणि बाजूला उभी राहिले. थंडीत तो जमायला फार वेळ लावतो. तेवढा वेळ मी त्या खोलीत एकटी होते. खोलीला खिडकी आहे, उजेड येतो, बाहेर शेजारीण चादरी झटकत होती. फ्रीझर घुमत होता. मधेच घुमायचा थांबला आणि त्या शांततेत आतून आवाज आला. खुर्चीवर बसलेला माणूस कंटाळून टाच टेकवतो ना, तसा. टक. थोडा वेळ काही नाही. टक.

बर्फ तडकतो, मी स्वतःला सांगितलं. बर्फ तडकतोच. मशीन परत घुमायला लागलं आणि मला माझाच राग आला.

लगदा निघाला तेव्हा माझ्या तळहातावर दात होते. खाली दोन मोठे, नुकते आलेले, कडेला अजून करवतीसारखे. वर मधले दोन पडलेले. सात वर्षांचं मूल असंच हसतं.

त्या संध्याकाळी मी जेवणाआधी मेणाच्या पट्ट्या घेऊन टेबलाशी उभी राहिले.

"प्रत्येकाने चावायचं. आत्ता."

"अगं, काय चाललंय हे?" नवरा म्हणाला.

"चोर शोधतेय. दगडासारखी वस्तू कोण चावतंय, ते मला बघायचं आहे."

"आई, मी वजन कमी करतेय," खार म्हणाली. "आणि करत नसते तरी बर्फ कशाला खाल्ला असता?"

सासऱ्यांनी शांतपणे कवळी काढली आणि ताटाशेजारी ठेवली. "घे, बाळ. तूच केलीस ना? तुलाच ठाऊक."

सगळे हसले. मी हसले नाही. तिघांचे ठसे घेतले. एकही जुळला नाही, आणि जुळणार नाही हे मला आधीपासून माहीत होतं. ते माहीत असूनही मी त्यांना दात दाखवायला लावलं, कारण दुसरं कुणीतरी आहे हे मानण्यापेक्षा यांच्यापैकी कुणीतरी खोटं बोलतंय हे मानणं मला सोपं जात होतं.

४

मग ते भराभर व्हायला लागलं. जसजशी मी खाली जात होते तसतसे चावे मोठे होत होते. चौदाव्या दिवशी खिम्याचा डबा: वर सुळे नुकते डोकावलेले, वय बारा. सोळाव्या दिवशी भोपळ्याचं सूप: पूर्ण वाढलेला जबडा, अर्धी वीट एका घासात गेलेली. प्रत्येक वेळी डब्याची पट्टी शाबूत. प्रत्येक वेळी चावा तळाकडून.

फ्रिजमध्ये ठेवलेला पहिला कोपराही आता काढून त्याचं माप घेतलं. चारही मापांवरून दवाखान्यात प्लास्टरचे साचे बनवले आणि ओळीने मांडून ठेवले.

दुपारी डॉक्टरीणबाई चहाचा कप घेऊन मागे आल्या. त्या फार बोलत नाहीत, पण दातांच्या बाबतीत त्यांचा शब्द मी डोळे मिटून मानते.

"वा," त्या म्हणाल्या. "कुणाचे गं? भाच्याचे?"

"का?"

"एकाच मुलाचे आहेत म्हणून विचारलं. हे बघ, उजवा सुळा. दुधाचा होता तेव्हाही आत झुकलेला, पक्का आला तोही तसाच. आणि हा वरचा डावा पटाशीचा दात, मधल्याशेजारचा. इथे येताना वळला आणि इथे तसाच राहिला. लहानपणापासून मापं घेत आलीस की काय? किती वर्षांचं काम आहे हे?"

"नऊ दिवसांचं," मी म्हणाले.

त्या मोठ्याने हसल्या. मग त्यांनी चौथा साचा उचलून खिडकीकडे धरला आणि हसू थांबलं.

"इथे अक्कलदाढेचा ठसा कसा आला? इतका मोठा घास कोण घेतं? तोंड इतकं उघडत नाही." त्यांनी अंगठा दाढेवरून फिरवला. "अर्धवट आलीय. जागा नाहीये तिला. बिचाऱ्याला फार दुखत असेल."

साचा खाली ठेवून त्या हात धुवायला गेल्या. दोनदा धुतले.

५

रविवारी दुपारी मी सगळ्यांना त्या खोलीत उभं केलं. जे काही आहे ते उजेडात, साक्षीदारांसमोर होऊ दे म्हटलं. सासरे खुर्चीत, खार दाराला टेकून, नवरा हाताची घडी घालून.

तळाचे सात डबे मी एकेक करून वर काढले. सातही डबे रिकामे होते. पट्ट्या लावलेल्या, तारखा घातलेल्या, आणि आत काही नाही. चाटल्यासारखे.

"रिकामेच ठेवले असतील कुणीतरी," नवरा म्हणाला.

"रिकामे डबे? पट्टी लावून? माझ्या अक्षरात?"

"तू दमतेस गं आजकाल."

हे वाक्य मला तोंडपाठ आहे. माझी न पटणारी प्रत्येक गोष्ट या घरात दमण्याच्या खात्यात जाते.

मी वाकून तळ बघितला. पांढराशुभ्र बर्फ, बोटभर जाड, काही नाही. खरंच काही नाही. नवऱ्याने विजयी वीराप्रमाणे वायर काढली. घुमणं थांबलं. "झालं? भेटलं तुझं भूत?"

मी झाकणाकडे बघत होते. झाकणाच्या आतल्या बाजूलाही बर्फाचा पातळ थर होता, सगळीकडे सारखा. फक्त एका जागी, आडव्या माणसाचं डोकं येईल त्या बाजूला, बशीएवढा गोल वितळलेला होता. काचेवर तोंड जवळ नेऊन श्वास सोडला की होतो तसा. मी बोट लावलं. ओलं होतं. मी बघत असतानाच त्याच्या कडा परत पांढऱ्या व्हायला लागल्या.

"हे बघा," मी म्हणाले.

पण ते सासऱ्यांची खुर्ची वळवण्यात गुंतले होते.

६

भंगारवाला गुरुवारी येणार होता. तोवर फ्रीझर भिंतीशी सरकवला, झाकण उघडं ठेवलं आणि शेजारी सासऱ्यांची खाट लावली. मी म्हटलं, चार दिवस थांबू. नवरा म्हणाला, कशासाठी? जे कारण होतं ते सांगून झालं होतं.

मंगळवारी दुपारी मला दवाखान्यात फोन आला. "ताबडतोब घरी ये," नवरा म्हणाला.

घरी गुडघ्याची पट्टी बदलायला येणारी नर्स होती. नणंद होती, ती दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि वडिलांच्या बाबतीत कधी उशीर करत नाही. नवरा होता. सासरे खाटेवर, उजवी बाही वर केलेली. पोटरीसारख्या पांढऱ्या त्या हातावर निळसर गोल उमटला होता. रक्त नाही. जोर लावलेला नव्हता. चाखून बघितल्यासारखा.

"हे माणसाचे दात आहेत," नर्स म्हणाली. "मला याची नोंद करावी लागेल. दुपारी घरी कोण असतं?"

नणंदेने माझ्याकडे बघितलं. "वहिनी सकाळी निघताना बाबांना चहा देते. शेवटची तीच."

"म्हणजे काय?" मी म्हणाले.

"म्हणजे काही नाही. पण महिनाभर तू दात दात करते आहेस. दादाने सांगितलं मला सगळं. सगळ्यांना मेण चावायला लावलंस म्हणे. बाबांना या खोलीत आणू नका म्हणूनही तूच भांडत होतीस."

मी नवऱ्याकडे बघितलं. अठरा वर्षांच्या संसारात एका शब्दाची गरज होती मला. तो फरशीकडे बघत राहिला.

अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. भीती वगैरे सगळी कुठल्या कुठे गेली. पर्समधून मेणाची पट्टी काढली, नर्सच्या देखत कचकन चावली आणि तिच्या हातात दिली.

"घ्या. हे माझे दात. लावा त्या हाताला."

तिने लावून बघितली. "नाही. हा जबडा याहून मोठा आहे."

"आता हे लावा." चौथा साचा मी पिशवीतच घेऊन फिरत होते. तो मी स्वतः सासऱ्यांच्या हातावर टेकवला. हलक्या हाताने, दुखू नये असा. वळलेला दात वळलेल्या खुणेत बसला. आत झुकलेला सुळा त्याच्या जागी गेला. कवळी तोंडात नीट बसते तेव्हा होतं तसं, कुठे फट राहिली नाही.

नणंदेने पर्स उचलली आणि चपला हातात घेऊनच दाराबाहेर गेली.

"बाबा," नवरा म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "तुम्ही झोपला होतात का?"

"नाही," सासरे म्हणाले.

"मग कोण होतं?"

सासऱ्यांनी बाही खाली केली, बटण लावलं. "भूक होती रे," ते म्हणाले. "बाकी काही नाही. तुम्ही सगळं काढून घेतलंत."

७

वायर नवऱ्यानेच परत लावली. मला न विचारता. झाकण बंद केलं आणि बाजारातून दोन मोठ्या पिशव्या भरून आणल्या. गुरुवारी भंगारवाला आला त्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवलं.

सासऱ्यांची खाट दिवाणखान्यात गेली आणि तिथला सोफा वरच्या खोलीत. अर्ध्या तासाचं काम. म्हणजे हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. वीस दिवस मी जे खणत बसले ते खणायची काही गरजच नव्हती. हे मी बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, "आता झालं ते झालं."

तेव्हापासून आमच्याकडे जरा जास्तच शिजतं. खार, जी स्वतःचा कप उचलत नाही, तीसुद्धा कॉलेजातून येताना काहीतरी आणते आणि मागच्या खोलीत ठेवून येते. नवरा ताटातलं अर्धं मांस बाजूला काढतो आणि म्हणतो, "उरलंय, गोठवून टाक." उरलेलं नसतं. दर शनिवारी नणंदेचा डबा येतो, माणसाच्या हाती. ती स्वतः येत नाही. याबद्दल एक अक्षर कुणी बोलत नाही. आणि एवढं सगळं होऊन माझी माफीही कुणी मागितली नाही. ना नवऱ्याने, ना लेकीने, ना नणंदेने. तिच्या डब्यावर चिठ्ठीसुद्धा नसते.

ठेवायला अर्थातच मीच जाते. त्यांना भीती वाटते. मला काय वाटतं हे विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

गेल्या सोमवारी सकाळी मी पातळ खिचडी ठेवायला गेले. दाढ दुखत असली की मऊ बरं पडतं, म्हणून शिजवलेली. झाकण उचललं. गार वाफ वर आली. वाकून डबा खाली धरला, आणि मी सोडायच्या आधीच तो माझ्या हातातून गेला. हिसकावला नाही. ताट पुढे केल्यावर सवयीचं माणूस न बघता घेतं तसा. वाफेत मला फक्त बोटांची पेरं दिसली, डब्याच्या कडेवर, आणि ती लांब होती.

मी ओरडायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे त्या महिन्याभरात घासलेले सगळे डबे आले, तळाचे सात धरून, आणि माझं डोकंच फिरलं.

"घेताना बरं सुचतं," मी त्या वाफेत म्हणाले. "नुसतं गिळायचं आणि टाकून द्यायचं. मी काय मोलकरीण आहे सगळ्यांची? निदान डबा तरी घासून ठेवत जा!"

आणि झाकण धाडकन लावलं.

मंगळवारी सकाळी उघडून बघितलं. डबा सगळ्यात वर होता, झाकण नीट लावलेला. आत वाटाण्याएवढाही डाग नाही, खरकटं नाही, चकचकीत. या घरात माझं सांगणं कुणी पहिल्यांदा ऐकलं होतं. मी तो दोन्ही हातांनी उचलला.

चहूकडे बर्फ होता आणि डबा कोमट होता.